रेंजच्या टेकडीवरचा साकव

आमच्या कंपनीच्या नोंदीत सूर्यमाळच्या अलीकडे एका उघड्याबोडक्या टेकडीच्या माथ्यावर लोखंडी साकव उभा आहे. साकव म्हणजे ओढ्यावरचा, पायी चालायचा छोटा पूल. टेकडीवर ओढा नाही. ओढा सोडाच, उन्हाळ्यात तिथं चिमणीला चोच बुडवायला पाणी नसतं. तरी साकव तिथंच आहे, शंभर टक्के पूर्ण, आणि त्याच्यापुढे हिरवा ठिपका. तो ठिपका मी रोज सकाळी संगणक चालू केला की पाहते आणि रोज माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी जव्हारच्या ऑफिसात बसते. ऑफिस म्हणजे बाजारपेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कंपनी बांधकामाची. रस्ते, मोऱ्या, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, जे निघेल ते काम. मुख्य ऑफिस ठाण्याला, कामं सगळी आमच्याकडे, जव्हार-मोखाड्यात. कोणत्या कामावर काय झालं, कुठं सिमेंट संपलं, कुठं सळई पोचली, ही सगळी माहिती गोळा करून ठाण्याला पाठवणं ही माझी नोकरी.

पूर्वी ही माहिती माणसांच्या पायांनी चालत यायची. बाजाराच्या दिवशी सगळे सुपरवायझर माझ्याकडे यायचे, बाकावर बसायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे. "झालं ताई," असं कुणी म्हणालं की मी विचारायची, "झालं म्हणजे काय झालं? फळ्या ठोकून झाल्या, सळई बांधून झाली, की नुसतं ठरवून झालं?" मग तो हसायचा आणि खरं काय ते बाहेर यायचं. पद्धत काही भारी नव्हती. एका कामाचं सिमेंट दुसऱ्या कामावर जायचं, दोघेही मला फोनवर ओरडायचे, आणि मी ठाण्याला सारवासारव करत बसायची. त्यामुळे सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी आनंद मलाच झाला होता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतील की बाईला नवीन काही नकोच असतं.

ठाण्याला आम्हाला थंडगार हॉलमध्ये बसवून शिकवलं. प्रत्येक सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये ॲप. रोज कामाचा फोटो पाठवायचा. फोटो जिथून पाठवला जाईल त्या जागेची खूण त्याच्यावर आपोआप बसणार. जागा कामाच्या ठरलेल्या वर्तुळात असली तर ठिपका हिरवा, बाहेर असली तर लाल. सलग लाल राहिला तर काम 'बंद' समजायचं आणि बंद कामाचा माल थांबवायचा. शिकवणारे साहेब डेटा सांभाळणाऱ्या विभागाचे प्रमुख. माणूस सभ्य, बोलणं गोड, शर्टाला कधी चुणी नाही. ते म्हणाले, "यापुढे कुणाला काही विचारायची गरजच पडणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता आमच्याकडची गोष्ट अशी की काम दरीत असतं आणि रेंज टेकडीवर. साकवाचं काम एका पाड्याखालच्या ओढ्यावर चालू होतं. तिथला सुपरवायझर त्याच पाड्यातला. दिवसभर ओढ्यात काम करायचं, फोटो काढायचा आणि संध्याकाळी चढण चढून डांबरी रस्त्याच्या वळणावरच्या टेकडीवर जायचं. तिथं मोहाचं एक झाड आहे. त्या झाडाखाली उभं राहिलं की मोबाइलला जीव येतो. आसपासच्या चार पाड्यांचं तेच ठिकाण. वसई-भिवंडीला कामावर गेलेल्या नवऱ्यांशी बायका तिथंच बोलतात, पोरं तिथंच शाळेचा निकाल बघतात. नाव काय विचाराल, तर रेंजची टेकडी. जुनं नाव असेल काही, आता कुणाला आठवत नाही.

तर साकवाचे फोटो ओढ्यात निघायचे आणि टेकडीवरून जायचे. खूण टेकडीची बसायची. ठिपका लाल. वावर-वांगणीकडच्या शाळेच्या खोल्यांचं तर याहून न्यारं. तिथला सुपरवायझर फोटो काढून एसटीत बसायचा आणि वाटेत रेंज लागेल तिथून पाठवायचा. रोज वेगळ्या वळणावर रेंज लागायची. आमच्या नकाशात ती शाळा दर दिवशी थोडी थोडी जव्हारच्या दिशेनं सरकत होती.

मी ठाण्याच्या साहेबांना फोन केला.

"मॅडम, त्यांना साइटवरूनच अपलोड करायला सांगा ना."

"साहेब, साइटवर रेंज नाही."

"मग जिथं रेंज आहे तिथून करू दे."

"तिथून केलं की लाल होतं."

"म्हणूनच म्हणतो, साइटवरून करायला सांगा."

असं आम्ही बराच वेळ गोल फिरलो. शेवटी ते म्हणाले, "नोट केलंय मॅडम." नोट करणं ही ठाण्याची सवय आहे. आमच्याकडे म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. पण घडा निदान कबूल तरी करतो की पाणी आत गेलं नाही.

मला एवढी घाई का झाली होती ते सांगायला हवं. पावसाळ्यात तो ओढा भरला की पाडा तुटतो. आजारी माणसाला बाहेर काढायचं तर डोलीतून. एक लांब बांबू, त्याला चादरीची झोळी, झोळीत माणूस, पुढे-मागे दोघे-दोघे खांदा देणारे. आदल्या वर्षी श्रावणात सुपरवायझरच्या वहिनीच्या पोटात दुखू लागलं. डोली ओढ्यापर्यंत आली आणि पाणी उतरेपर्यंत काठावरच थांबून राहिली. वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. आणि या वर्षी त्याची स्वतःची बायको आषाढात बाळंत होणार होती. मोखाड्यात आधी जाऊन राहावं असा कुणी नातलग नाही आणि माहेर आणखी दोन ओढ्यांपलीकडे. तो मला कधी काकुळतीला येऊन बोलला नाही. फक्त प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायचा, "ताई, गर्डर कधी येतील?"

गर्डर म्हणजे साकवाच्या लोखंडी तुळया. दोन्ही काठांवरचे सिमेंटचे पाये उन्हाळ्यात उभे राहिले होते. गर्डर तुकड्यातुकड्यांनी येणार, तिथं बोल्टांनी जोडायचे, वर पत्रे टाकायचे की साकव तयार. पण ठिपका लाल, म्हणून काम बंद, म्हणून गर्डर थांबलेले.

वैशाख संपता संपता एके सकाळी पाहते तर साकवाचा ठिपका हिरवा! मला इतका आनंद झाला की खालच्या दुकानदारालाही मी चहा पाजला. मग मेल उघडला. डेटाची साफसफाई झाली होती. कोणत्या कामाचे फोटो सातत्यानं कुठून येतात ते सॉफ्टवेअरनं तपासलं होतं आणि ज्याचे बहुतेक फोटो एकाच ठिकाणाहून येत होते, त्याची मूळ नोंदच चुकलेली असणार असं ठरवून ती 'सुधारली' होती. आमचा साकव ओढ्यावरून उचलून टेकडीवर ठेवला होता.

मी फोन लावला तेव्हा माझा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला असं दुकानदार नंतर म्हणाला.

"साहेब, टेकडीवर साकव कोण बांधेल? कशावरून कशावर जायला?"

"मॅडम, सिस्टीमला ओढा-टेकडी कळत नाही, तिला पॉइंट कळतो. आणि आता हिरवं झालंय ना? मालही सुटला तुमचा."

"पण माल जाईल कुठं?"

"तुम्ही दुरुस्तीची विनंती टाका. पुढच्या फेरीत बघू."

मी विनंती टाकली. 'प्रलंबित' असा शब्द आला. प्रलंबित हा फार सभ्य शब्द आहे. त्याच्यावर ओरडताही येत नाही.

माल कुठं गेला ते वेगळं सांगायला नको. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ट्रकवाला परप्रांतातला, मोबाइलमधल्या नकाशावर चालणारा. नकाशानं टेकडी दाखवली, तो टेकडीवर गेला. तिथं शेळ्या चारणारी एक म्हातारी होती. ती हात हलवून खाली ओढ्याकडे दाखवत होती म्हणे, पण त्याला ती भाषा कळेना. त्यानं मोहाखाली गर्डर उतरवले, फोटो काढला आणि गेला. फोटो हिरवा. रेंजही होतीच.

संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला.

"ताई, गर्डर आले."

"अरे वा! बरं झालं बाबा."

"टेकडीवर आले."

मी कपाळाला हात लावला. तो पुढे म्हणाला, "म्या डायवरला फोन लावला. तो म्हणतो, मॅप ने यहीं बोला, मैं क्या करूँ. आता काय करू मी? वर रेंज हाय, खाली ओढा हाय. गर्डर काय रेंज पकडाया आणले का?"

मला हसू आलं नाही. वळवाच्या सरी येऊन गेल्या होत्या आणि टेकडीवरून ओढ्याकडे जाणारा कच्चा रस्ता त्यांनी खरवडून नेला होता. साधा ट्रॅक्टरही उतरला नसता. क्रेनची गाडी मागवायला हवी होती. मी सॉफ्टवेअरमध्ये मागणी टाकली. कुठून? टेकडीवरून. कुठं? साकवाच्या कामावर. एका क्षणात उत्तर आलं: निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण एकच आहे, अंतर शून्य, मागणी नामंजूर.

आयुष्यात मी फार वेळा रडत नाही, पण त्या दिवशी संगणकासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखानं नाही, संतापानं. माणूस चुकला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. हे काय, शून्याशी भांडायचं?

त्यानंतर दोन दिवस सुपरवायझरचा फोन आला नाही. मी ऑफिसला कुलूप लावलं आणि मोखाड्याच्या जीपमध्ये बसून टेकडीवर गेले. पाहते तर सगळा पाडा तिथं जमला होता. पावसापूर्वी भाताच्या पेरणीसाठी माणसं वीटभट्ट्यांवरून परतलेली होती, म्हणून खांदे होते. गर्डरच्या तुकड्यांना दोर बांधून, बांबू अडकवून, एकेक तुकडा ते खांद्यांवरून उतरवत होते. पुढे चालणारा "हळू… खड्डा हाय… डावीकडं…" असं ओरडत होता आणि मागचे त्याच्या आवाजावर पाऊल टाकत होते. मला हा प्रकार कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. मग लक्षात आलं. हे डोली उतरवणं होतं. फक्त झोळीत लोखंड होतं.

सुपरवायझरचा बाप सगळ्यात जाड तुकड्याजवळ उभा होता. त्याच्या हातातला बांबू दोन्ही टोकांना गुळगुळीत झालेला, मध्ये झोळीच्या गाठीची काळपट खूण.

"डोलीचा का?" मी विचारलं.

"तोच. दुसरा एवढा मजबूत नाय पाड्यात," तो म्हणाला. "लई माणसं नेली यानं. एक डाव लोखंड न्यू दे."

ठाण्याच्या साहेबांना तिथूनच फोन लावून ऐकवावं असं मनात आलं, रेंजही भरपूर होती. पण काय ऐकवणार? धापा?

मग चेन-पुली लावून, ओढ्यात उतरून, त्यांनी गर्डर सिमेंटच्या पायांवर चढवले. ज्येष्ठाचा पाऊस धरेपर्यंत पत्रे बसले, कठडे बसले. साकव उभा राहिला. ओढ्यावर.

आणि मग ठाण्याहून नोटीस आली. ठरल्याप्रमाणे टेकडीवर मालाची तपासणी करायला माणूस आला होता, त्याला मोहाखाली लोखंड दिसलं नाही. 'नोंदणीकृत ठिकाणावरून परवानगीशिवाय माल हलवला.' सुपरवायझरचं ॲप बंद, काम बंद, चौकशी सुरू. मी खुलासा लिहायला घेतला तर कारणांची यादी समोर आली: चोरी, नुकसान, जादा माल, नैसर्गिक आपत्ती. माल जिथं लागत होता तिथं नेला, असं कारण यादीत नव्हतं. मी 'इतर' निवडलं आणि सगळं लिहिलं, पण निम्म्यातच त्या चौकटीतली जागा संपली.

चौकशीला ते साहेब स्वतः आले. आषाढातला दिवस, पाऊस सरळ खाली कोसळत होता. मी त्यांना आधी टेकडीवर नेलं. त्यांनी मोह पाहिला, चारी दिशांनी टेकडी पाहिली, टॅबलेट पाहिला.

"इथं पाणी नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

मग आम्ही चिखलातून घसरत खाली उतरलो. माणूस वाईट नव्हता, बूट खराब झाले तरी कुरकुरला नाही. ओढा तांबडालाल होऊन पायांवर आदळत होता आणि वर साकव जागचा हलत नव्हता. सुपरवायझर कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून काठावर उभा होता. चोरीचा आळ आलेला माणूस कसा उभा राहतो तसा, हात कुठं ठेवावे हे न कळणारा.

साहेबांनी फोटोसाठी टॅबलेट वर धरला. तेवढ्यात पलीकडून दोन बायका साकवावर चढल्या. पुढे सासू, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. मागे सुपरवायझरची बायको, दिवस भरलेली, एका हातात कठडा आणि एका हातात कपड्यांचं बोचकं. सकाळपासून कळा येत होत्या, म्हणून तिला डांबरी रस्त्यावर गाडीपर्यंत घेऊन निघाले होते.

"जरा बाजूला व्हायला सांगा ना," साहेब म्हणाले. "काम नीट दिसत नाहीये."

माझ्या जिभेवर काय आलं होतं ते इथं लिहिता येणार नाही. पण माझ्या आधी सुपरवायझरच ओरडला, "थांब गं जरा! मागं हो. साहेब फोटू काढतात."

ती मागं गेली. पलीकडच्या काठावर, पावसात, कठड्याला धरून उभी राहिली. साहेबांनी एक फोटो काढला, काच पुसली, दुसरा काढला, पुन्हा काच पुसली. मी त्या बाईकडे पाहत होते. एकदा तिनं डोळे मिटून ओठ आवळले, मग पुन्हा उघडले. "झालं," साहेब म्हणाले. तेव्हा ती चालू लागली. आपल्या पायांनी, ओढ्यावरून, सरळ. साहेब टॅबलेट पिशवीत ठेवत होते, त्यांनी ते पाहिलं नाही.

अहवाल पाठवायचा तर खाली रेंज नाही. आम्ही परत टेकडी चढलो. साहेबांनी मोहाखाली उभं राहून फोटो पाठवले. टॅबलेटवर हिरवा ठिपका उमटला: ठिकाणाची खात्री झाली, माल नोंदणीकृत जागेवर आहे, चौकशी समाप्त.

साहेब त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले.

"हे खालून पाठवायला हवं होतं," ते हळूच म्हणाले.

"खाली रेंज नाही साहेब."

"हो," ते म्हणाले, आणि ठीक आहे असं बटण दाबून गाडीत बसले.

संध्याकाळी ऑफिसात येऊन मी दुरुस्तीची विनंती उघडली. ती अजून प्रलंबित होती. आता ती मंजूर झाली असती तर साकव ओढ्यावर गेला असता, माल टेकडीवरून हलल्याचं सिद्ध झालं असतं आणि सुपरवायझर पुन्हा चोर ठरला असता. जिच्यासाठी महिनाभर घसा फोडला, ती विनंती मी स्वतःच्या हातानं मागं घेतली. ती माघार मात्र लगेच मंजूर झाली. आमच्या नोंदीत साकव टेकडीवरच आहे. पुढं कुणी देखभालीला माणूस पाठवेल, रंगाचे डबे पाठवेल, ते टेकडीवर जातील, आणि मी पुन्हा फोनवर ओरडेन. आता मला त्याचाही कंटाळा आला आहे.

त्याच्या बायकोला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकल्यावर मी बाळाला बघायला पाड्यावर गेले. ओढा फुगलेला होता, साकवावरून शाळेतली पोरं पळत जात होती. सुपरवायझरच्या घरामागे दोडक्याचा मांडव घातला होता आणि त्याच्या मधोमध आडवा तो गुळगुळीत बांबू बांधलेला होता. झोळीच्या गाठीची काळी खूण होती तिथं वेल चढली होती.

"डोलीचा बांबू दोडक्याला?" मी त्याच्या म्हाताऱ्या बापाला विचारलं.

"मंग काय करू त्याचं?" तो म्हणाला. "आता तेच काम हाय त्याला."

मी मोबाइल काढून त्या मांडवाचा फोटो घेतला. परतताना टेकडीवर रेंज आली, पण तो मी कुणालाच पाठवला नाही.